ताब्यातली रांग

म्हाताऱ्या शिंप्याचे हात स्क्रीनवर गोठले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती.

ताई रोजच्यासारखी घराच्या मागच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसली होती. पाठीमागे निळा पडदा, अंगात साधा काळा टॉप, हातात ना घड्याळ ना अंगठी. समोरच्याची नजर हातांवरून हलता कामा नये म्हणून हा सगळा सरंजाम. ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. दवाखान्यात ऐकू न येणारा कुणी पेशंट आला की तिथली नर्स टेबलावरची स्क्रीन त्याच्याकडे वळवायची आणि स्क्रीनवर ताई हजर असायची. पेशंट हातांनी बोलायचा ते ती डॉक्टरांना तोंडाने सांगायची, डॉक्टर बोलायचे ते पेशंटला हातांनी. दुभाषी केंद्रात आणि घरीदारी सगळे तिला ताईच म्हणत.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"

शिंप्याने हात उचलले. गोळी. सकाळी. आणि तिथेच चित्र अडकलं. एक हात छातीपाशी, दुसरा हवेत, तोंड अर्धवट उघडं. चार सेकंद. चित्र परत हललं तेव्हा शिंप्याचे हात मांडीवर होते आणि तो डॉक्टरांकडे बघून मान डोलवत होता.

"हो, सकाळी घेतो म्हणतात," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, मग म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी पाच दिवस ती बंद करायची." ताईने हातांनी तसं सांगितलं. शिंपी गोंधळला. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "बंदच आहे. आत्ता सांगितलं की. सकाळची गोळी तीन आठवड्यांपूर्वीच सोडली, पोटात जळजळ व्हायची. बंद असलेली गोळी परत कशी बंद करू?"

ताईने शिंप्याला थांबायची खूण केली.

"डॉक्टर, मघाचं माझं वाक्य मागे घेते," ती म्हणाली. "चित्र अडकलं होतं. मी अंदाजाने सांगितलं आणि तो अंदाज चुकला. गोळी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच सोडली आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले, पण म्हणताना त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि त्या पाहण्याचा अर्थ कळायला दुभाष्याची गरज नव्हती.

केंद्राच्या अहवालात ताईने झालं ते जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंचा फोन आला.

"तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून फोन करतेय. दवाखान्याने लिहिलं असतं तर थेट पत्र आलं असतं."

"कळतंय मॅडम."

"तीन आठवडे देते. तोवर चौकशी खिडकीचे कॉल घ्या, दवाखान्याचे नको. लाइन सुधारली नाही तर घरून काम बंद. मग जिथे बोलावतील तिथे जाऊन काम करावं लागेल."

जाऊन काम करायला ताईची ना नव्हती, पण घरात आई होती. चौऱ्याहत्तरीची, जन्मापासून ऐकू न येणारी, आणि गेल्याच वर्षी बाथरूममध्ये घसरून कंबर दुखावून घेतलेली. पडली तर हाक मारता येणार नाही, कुणी दार ठोठावलं तर कळणार नाही. नवरा मालवाहू जहाजावर आचारी, वर्षातले सात महिने पाण्यावर. लेक कॉलेजात. दिवसभर घर बंद करून निघणं ताईला जमण्यासारखं नव्हतं.

शिवाय लाइनपेक्षा दुसरीच गोष्ट तिला जास्त टोचत होती. लाइन अडकली यात तिचा दोष नव्हता. "दिसलं नाही, परत सांगा" एवढं म्हणायला मात्र दोन सेकंद लागले असते आणि ते ती म्हणाली नव्हती. वीस वर्षांच्या सवयीने तोंड आपोआप चाललं. आईला तिने हे सांगितलं तेव्हा आईने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "दिसलं नाही तर दिसलं नाही म्हण. कुणी हात कापणार नाही तुझे." आणि परत सुरी उचलली.

ताईने आधी इंटरनेट कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने भिंतीवरचं कंपनीचं खोकं पाहिलं, मोबाइलवर वेग मोजला आणि जास्त वेगाचा प्लॅन घ्या म्हणाला. तिने घेतला. आकडा दुप्पट झाला, चित्र अडकायचं ते अडकतच राहिलं.

मग तिने एक वही केली. चित्र कधी अडकलं, किती वेळ, घरात तेव्हा कोण काय करत होतं. पाच दिवसांत वही बोलायला लागली. सकाळी एकदाही नाही. दुपारी जेवणानंतर नाही. चार ते पाच या तासात मात्र अकरा वेळा. आणि चार वाजता घरात दोन गोष्टी व्हायच्या. लेक कॉलेजातून यायची, आणि आईचा कॉल सुरू व्हायचा.

लेक वनस्पतिशास्त्र शिकत होती. दिवसभर पानांचे फोटो काढायचे, पुढून, पाठून, देठ, शिरा, असे दोन-तीनशे. दारातून आत पाय टाकला की तिचा फोन घरचं वायफाय पकडायचा आणि सगळी पानं एका दमात इंटरनेटवर चढवायला लागायचा. वही बघून लेकीने लॅपटॉप ओढून घेतला, एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात आकड्यांची ओळ धावू लागली.

"ही पिंग. आपण एक छोटासा प्रश्न पाठवतोय, उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आत्ता अठरा. म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अठरा. आता मी फोटो चढवते हं."

आकडे उसळले. दोनशे, सहाशे, नऊशे चाळीस.

"आई, वेग भरपूर आहे गं. रांग वाईट आहे," लेक म्हणाली. "पोस्टात खिडकी एकच, आणि माझा फोन तीनशे पार्सलं घेऊन उभा. तू एकच पत्र घेऊन आलीस तरी तुला त्या तीनशेच्या मागे उभं राहावं लागतंय."

"मग तुझी पार्सलं संध्याकाळी पाठव."

"पाठवते. पण आजीचं काय?"

आईचं असं होतं. लग्नाआधीपासून ते निवृत्तीपर्यंत तिने एका बुकबाइंडिंगच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथल्या यंत्रांचा आवाज असा की ऐकू येणाऱ्या बायका दोन महिन्यांत पळून जायच्या. ज्यांना त्रास नव्हता अशा चौघी टिकल्या आणि जन्माच्या मैत्रिणी झाल्या. आता चौघी चार ठिकाणी राहत होत्या. रोज चार वाजता आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळांच्या टोपलीला टॅब टेकवून ठेवायची आणि तासभर चौघींचे आठ हात नुसते उडत असायचे. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचा गुडघा काय म्हणतोय, कारखान्यातल्या मुकादमाची चालण्याची नक्कल. खुणांची भाषा चित्रातून जाते, त्यामुळे हा कॉलही वरच्या दिशेला, म्हणजे घरातून बाहेर जाताना, भरपूर जागा घ्यायचा.

ताईने आईला जाऊन सांगितलं, "दोन आठवडे चारचा कॉल बंद ठेव. माझ्या कामाचा प्रश्न आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग "बरं" एवढीच खूण केली.

आठवडाभर लाइन बरी चालली. ताईला वाटलं, सुटला प्रश्न. आठव्या दिवशी लेक मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजीचा टॅब कुठाय माहितीये का तुला? कपाटात, टॉवेलांच्या खाली."

"असू दे. आठवड्याचाच प्रश्न आहे."

"आठ दिवसांत आजी कुणाशीही बोललेली नाही. आपल्याशी बोलते ते 'जेवलीस का' आणि 'दार नीट लाव'. खिडकीत बसून जुन्या पेपरांच्या घड्या घालते."

"सकाळी करावा ना कॉल. सकाळी मी थोडीच अडवलंय?"

"एक आजी सकाळी नात सांभाळते, एक दिवसाआड डायलिसिसला जाते, तिसरीचा टॅब तिच्या मुलाकडे असतो, तो चारला परत येतो. चौघींना जमणारी वेळ तेवढीच आहे. तू विचारलंस का तिला?"

ताईने विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन लावला.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान, नाटकांची प्रकाशयोजना करणारा. खुणांच्या जगात प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. आईने त्याचं नाव ठेवलं होतं मिटलेली मूठ दिव्यासारखी उघडणं, आणि त्यावरून घरातले सगळे त्याला दिवटा म्हणत. या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला माहीत होता आणि अधूनमधून तो त्याला शोभूनही दिसायचा, पण त्याची तक्रार नव्हती.

रविवारी सकाळी दिवटा पाठीला बॅग लावून आला. आधी आईच्या पाया पडल्यासारखं करून तिच्या ताटलीतला टोस्ट पळवला, मग कंपनीच्या खोक्याला जोडलेल्या, घरभर वायफाय देणाऱ्या राउटरसमोर फतकल मारून बसला.

"पाच वर्षांचा आहे. हा बनवणाऱ्या कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलंय," तो म्हणाला. "डबा ठणठणीत आहे, डोकं जुनं झालंय. डबा तोच ठेवून आतलं डोकं बदलू."

"म्हणजे फर्मवेअर. वाचलंय मी," ताई म्हणाली.

"तू वाचलंयस?"

"तीन दिवस तेच करतेय. राउटरच्या आत्ताच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ कॉलला प्राधान्य' अशी एक चौकट आहे. तिच्यावर टिक करून पाहिली, काढून पाहिली. काडीचा फरक नाही."

राउटरसाठी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट घेता येणारी, आतला मजकूर उघडा ठेवलेली अशी दोन मोठी फर्मवेअरं तिला सापडली होती. एक डीडी-डब्ल्यूआरटी, दुसरं ओपनडब्ल्यूआरटी.

"आडनावं एकच दिसतायत. चुलत भाऊ असणार," लेक मधेच म्हणाली.

टोमॅटो नावाचं तिसरंही होतं, पण ते वेगळ्या जातीची चिप असलेल्या राउटरांना चालायचं, म्हणून ते पहिल्याच फेरीत बाद झालं.

दिवट्याच्या घरी चार वर्षं डीडी होतं आणि तो त्याचा भक्त होता. "टाकलं की सगळं तयार मिळतं. पाहुण्यांचं वेगळं वायफाय, कोण किती वापरतंय त्याचे आलेख, रांगेची सोय, सगळं. काही शोधायला जायचं नाही. ओपन म्हणजे रिकामा रंगमंच. टाकल्यावर वायफायसुद्धा बंद असतं, आपण जाऊन चालू करायचं. जे हवं ते एकेक करून आणा."

"मला एकच गोष्ट हवी आहे. रांगेची."

"ती डीडीतही आहे म्हणतोय ना."

"आहे, मान्य. पण आपल्या मॉडेलसाठी कुठली फाइल घ्यायची हे विचारायला गेले तर फोरमवर एक म्हणतो अमुक महिन्याची घ्या, दुसरा म्हणतो ती सोडून कुठलीही घ्या. तुला सवय आहे, तू बरोबर निवडशील. पण तू दौऱ्यावर असताना काही बिघडलं तर मी काय करू? ओपनच्या साइटवर आपल्या मॉडेलचं अख्खं पान आहे. कुठली फाइल, कशी टाकायची, फसलं तर परत कसं यायचं, सगळं ओळीने लिहिलंय. मला वाचून करता येईल असं हवं."

"तू वाचत बस," दिवटा हसला. "मी दहा मिनिटांत करून दाखवतो."

तेवढ्यात ताईच्या मोबाइलवर जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. बंदराला लागल्यावरच तो फोन करू शकायचा, म्हणून ती गॅलरीत गेली. दहा-बारा मिनिटं बोलून परत आली तेव्हा दिवटा राउटरकडे टक लावून बसला होता. राउटरचा एकुलता एक दिवा लाल, लुकलुकत होता.

"काय केलंस?"

"डीडी टाकत होतो. तुला आयतंच तयार करून द्यावं म्हटलं. आता उठतच नाहीये." त्याने केस खाजवले. "फाइल बरोबर होती गं. मॉडेल हेच."

ताईने राउटर उचलून उलटा केला. मागे चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलच्या नावापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, आवृत्ती तीन. तिने लॅपटॉपवरच्या फाइलचं नाव पाहिलं. आवृत्ती दोन.

"नाव तेच ठेवतात आणि आतलं सगळं बदलतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "पट्टी वाचायला काय जात होतं तुझं? दिसत नव्हतं तर थांबायचं होतंस. अंदाजाने कशाला..."

ती मधेच थांबली. हेच वाक्य दोन आठवड्यांहून जास्त कुणीतरी तिच्या कानात म्हणत होतं. दिवटा मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा.

"मेला का गं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. पान उघड त्या मॉडेलचं. माझ्या मोबाइलवर आहे."

फसल्यावर काय करायचं ते त्या पानावर सात पायऱ्यांत होतं. राउटर चालू होताना मागचं बारीक बटण दाबून धरलं की तो काही क्षण केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटरकडे स्वतःहून एक फाइल मागतो. कॉम्प्युटरला नेमका ठरलेला पत्ता दिलेला हवा, फाइलचं नाव नेमकं ठरलेलं हवं, तर ती त्याला मिळते. लेकीने मोबाइलवरच्या नेटने राउटरच्या कंपनीची मूळ फाइल उतरवली, आवृत्ती तीनची. ताई एकेक पायरी मोठ्याने वाचायची, दिवटा करायचा आणि केली म्हणून सांगायचा. पहिल्या वेळी बटण लवकर सुटलं. दुसऱ्या वेळी लॅपटॉपनेच मधे आडकाठी घातली, त्याची सुरक्षा भिंत बंद करावी लागली. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही, आणि का नाही ते कुणालाच कळलं नाही. चौथ्या वेळी लॅपटॉपवर एक रेघ सरकली. तीन मिनिटांनी लाल दिवा विझला, मग हिरवा लागला.

दिवट्याने दोन्ही हात वर केले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे बघून मूठ उघडली. आईने त्याच्या टाळक्यात हलकेच टपली मारली आणि आत गेली.

"आता तू सांगशील तसं," दिवटा बहिणीला म्हणाला.

ताईने ओपनडब्ल्यूआरटी निवडलं. फाइलचं नाव तिने दोनदा वाचलं, लेकीकडून एकदा वाचून घेतलं, मगच बटण दाबलं. पाच मिनिटांत राउटर नवं डोकं घेऊन उठला आणि दिवटा म्हणाला होता तसाच निघाला. वायफाय गायब, पडद्यावर तक्ते आणि रिकाम्या चौकटी. केबल लावून तिने आधी वायफाय चालू केलं, पासवर्ड घातला, मग रांग सांभाळणारा भाग वेगळा उतरवून घेतला.

त्यातली युक्ती तिला वाचूनच आवडली होती. आजवर रांग लागायची ती इंटरनेट कंपनीच्या खोक्यात, जिथे आपलं काही चालत नाही. आता राउटरला सांगायचं की तार जेवढं नेऊ शकते त्याहून थोडं कमीच पुढे सोड. मग रांग राउटरच्या दारातच लागते, म्हणजे आपल्या ताब्यात येते, आणि राउटर प्रत्येकाला आळीपाळीने एकेक पुढे सोडतो. तीनशे पार्सलवाल्याचं एक, पत्रवाल्याचं एक. ताईने वरच्या दिशेचा वेग मोजला, त्यातला दहावा हिस्सा कमी करून आकडा भरला.

लेकीने फोटो चढवायला सुरुवात केली. काळ्या खिडकीत आकडे धावले. एकवीस. सव्वीस. चोवीस. एकतीस. तेवीस.

"बाप रे," दिवटा म्हणाला.

मग लेकीने वेग मोजला आणि तिचं तोंड उतरलं. "आई, खाली येणारा वेग जवळजवळ निम्मा झालाय!"

हेही त्या पानावर होतं. प्रत्येकाची पाळी सांभाळायला राउटरला डोकं चालवावं लागतं, आणि जुन्या राउटरचं डोकं चालून चालून किती चालणार.

"एवढी उठाठेव करून वेग कमी करून घेतला?" दिवटा हसू दाबत म्हणाला.

"मला वेग कधी हवा होता?" ताई म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने कंपनीला फोन करून वाढवलेला प्लॅन पुन्हा पहिल्यावर आणला. लेकीचे सिनेमे उतरायला आता वेळ लागायचा. ती दोन दिवस कुरकुरली, मग कॉलेजला जाताना उतरवायला लावून जाऊ लागली.

खरी परीक्षा अजून बाकी होती. त्याच रविवारी साडेतीनला ताई कपाटापाशी गेली, टॉवेलांखालून टॅब काढला, पुसला आणि आईसमोर ठेवला. आई खिडकीत बसली होती.

"आई, एक मदत हवी आहे. चार वाजता तुम्ही चौघी कॉल लावाल का? लेक फोटो चढवेल आणि मी दिवट्याशी व्हिडिओवर बोलेन, तो खाली रस्त्यावर जाऊन उभा राहील. सगळं एकदम चालतंय का बघायचंय."

"आता परवानगी आहे?" आईने विचारलं. खूण लहानशी होती, पण धारदार.

ताई तिच्यासमोर स्टुलावर बसली. "मी तुला विचारलं नाही. नुसतं सांगितलं. चुकलं माझं."

आई बोलायला लागली, घाई न करता. "तू सात वर्षांची असल्यापासून माझ्या वतीने बोलतेस. दुकानात, बँकेत, तुझ्या शाळेत. लोक मला काही विचारायचेच नाहीत, खाली वाकून तुला विचारायचे. तू होतीस तीन फुटांची. मी तिथेच उभी असायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, पण ते बाहेरचे लोक. घरात तरी मला विचारत जा."

ताईने "हो" म्हटलं.

"त्या तिघींना काय वाटलं असेल?" आई म्हणाली. "मी मेले असं वाटलं असेल." आणि टॅब चालू करायला घेतला.

चार वाजता स्वयंपाकघरात आठ हात उडायला लागले. एक मैत्रीण रडली, एक संतापली, तिसरीने सरळ गुडघ्याचा विषय काढला. लेकीची पानं चढत होती. मागच्या खोलीत ताईच्या स्क्रीनवर दिवटा फुटपाथवर उभा राहून मोबाइलसमोर हातवारे करत होता आणि येणारे जाणारे त्याच्याकडे वळून बघत होते. बोटन् बोट दिसत होतं. तासाभरात चित्र एकदाही अडकलं नाही. ताईने वहीत तसं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

केंद्राने आठवडाभर एका पर्यवेक्षकाला तिच्या कॉलवर बसवलं आणि मग दवाखान्याची कामं परत दिली. दुसऱ्याच दिवशी एका गरोदर बाईशी बोलताना त्या बाईचा हात स्क्रीनच्या चौकटीबाहेर गेला. लाइन स्वच्छ होती, खूण तेवढी दिसली नव्हती. "डॉक्टर, थांबा. मला दिसलं नाही, परत विचारते," ताई म्हणाली. डॉक्टर थांबले. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

चार महिन्यांनी नवं अपडेट आलं तेव्हा दिवटा दूर कुठेतरी दौऱ्यावर होता. ताईने पान वाचलं, सेटिंगची प्रत काढून ठेवली आणि एका सकाळी आंघोळीच्या आधी ते उरकून टाकलं. फक्त रांगेचा भाग परत उतरवावा लागला, तो अपडेटमध्ये निघून गेला होता.

याची बातमी आईने मैत्रिणींना दिली, आणि जिचा गुडघा दुखायचा तिने मागणी केली की माझ्याही राउटरला नवं डोकं बसवून द्या. एका शनिवारी ताई आणि आई तिच्या घरी गेल्या. खोली छोटी, नीटनेटकी, खिडकीत कुंड्या. ताईने राउटर उलटा करून पट्टी वाचली, मोबाइलवर शोधलं. राउटर नवा होता, त्याची कंपनी अजून नियमित अपडेट देत होती. ती हे सांगायला वळणार एवढ्यात आईनेच तिला हाताने थांबवलं आणि मैत्रिणीला समजवायला घेतलं. बाइंडिंगच्या टेबलावर एकीने सगळे फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील ताव, आपल्यापुढे ओढून घेतले की बाकीच्या कशा हात बांधून बसायच्या, आणि मुकादम एकेकीला एकेक फर्मा द्यायला लागला की काम कसं चालायचं. ताईने पोस्टाच्या खिडकीचा दाखला दिला असता. हा जास्त चांगला होता.

मैत्रिणीने सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग म्हणाली, "पण इथे टेबलावर मी एकटीच आहे."

"मग तुला याची गरज नाही," आई म्हणाली.

मैत्रिणीने खोलीभर नजर फिरवली. "नाहीच की," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.